मदत हवी आहे: दोघी मैत्रिणी, मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत किनाऱ्याने – एसटी, फेरीबोट आणि लिफ्ट

नमस्कार मंडळी,

नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आत, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी मैत्रीण अशा दोघीच पाठीला सॅक लावून कोकण किनाऱ्याने खाली खाली सरकत गोव्यात शिरायचं म्हणतोय. गाडी नाही. स्कूटर आहे पण ती मैत्रिणीच्या भावाची आणि तो ती गल्लीच्या बाहेर नेऊ देत नाही, त्यामुळे तो विषय बंद. बजेट दिवसाला माणशी हजाराच्या आत, राहणं-खाणं-फिरणं सगळं धरून, आणि त्यात मासे पण आले, मासे सोडून कोकण करायचं असेल तर मी घरीच बसते.

रूट असा ठरवलाय. गेटवेहून मांडव्याची बोट (तिकिटातच अलिबागपर्यंतची बस येते), अलिबागहून एसटीने मुरुड, आगरदांड्याहून फेरीने दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून फेरीने वेश्वी, तिथून केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, हेदवी. तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. पुढे पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी आणि शेवटी तेरेखोलच्या फेरीने पलीकडे केरी, की आलं गोवा. हरमलला दोन दिवस लोळायचं आणि सावंतवाडी नाहीतर मडगावहून जनरलच्या डब्यातून परत. एवढं सगळं एका दमात होणार नाही हे मलाही कळतंय, कुठला तुकडा गाळायचा हा पण एक प्रश्न आहेच.

आता खरी अडचण. मैत्रिणीच्या डोक्यात हिचहायकिंग बसलंय. तिने श्रीलंका, थायलंडचे व्हिडिओ बघून बघून ठरवूनच टाकलंय की रस्त्याला उभं राहायचं, हात करायचा, जो थांबेल त्याच्या गाडीत बसायचं, प्रवासखर्च शून्य. माझं म्हणणं, अगं बाई, एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे आपण दोघी मिळून एका माणसाच्या पैशात जातोय, मग चार पैशांसाठी अनोळखी गाडीत कशाला चढायचं? त्यावर ती म्हणाली, एसटी असेल तर ना!

आणि इथे मात्र तिचं बरोबर निघालं. कारण मी टाइमटेबलं जमवायला बसले तेव्हा कळलं की गाड्या बहुतेक सगळ्या तालुक्याच्या गावाला जाऊन मिळतात, किनारा धरून या गावातून शेजारच्या गावात अशा फारच थोड्या. दापोलीहून दाभोळ मिळेल, पण फेरीतून धोपाव्याला उतरल्यावर पुढे काय? वेश्वीला उतरून केळशीला कसं जायचं? हेदवीहून तवसाळची जेट्टी? जयगडहून पुळ्याला? म्हणजे नेमकं जिथे फेरी संपते तिथेच गाडीची बोंब, आणि पूर्ण रिक्षा केली की दिवसाचं बजेट तिथेच बुडालं.

तेव्हा आमच्यात तह असा झालाय की एसटी असेल तिथे एसटी, नसेल तिथे लिफ्ट. अंधार पडला की लिफ्ट बंद. गाडीत एकटाच पुरुष असेल तर नाही म्हणायचं. बसायच्या आधी नंबरप्लेटचा फोटो घरच्या ग्रुपवर, आणि तो काढतोय हे ड्रायव्हरला दिसेल असा काढायचा. मासळीच्या टेम्पोत पुढे बसायचं की नाही यावर अजून बोलणी चालू आहेत (तिला चालतो, मला वास येतो).

मला हे विचारायचंय की या जेट्ट्यांच्या मधल्या तुकड्यांत लिफ्ट खरंच मिळते का, लोक पैसे मागतात का, न मागता दिले तर राग येतो का, आणि दोघीच पोरी बघून लोकांची वागणूक कशी असते. राहण्याचंही सांगा. मागे एका किनाऱ्यावरच्या गावात (नाव नको) लॉजवाल्याने आमची आधार कार्डं उलटीसुलटी करून बघितली, मग आमच्या मागे कोणी येतंय का ते दाराबाहेर वाकून बघितलं, "दोघीच? जेंट्स कोण नाय?" आणि मग म्हणाला फुल आहे, त्याच्या मागच्या फळीवर सगळ्या चाव्या लटकत होत्या. त्यामुळे दोघींना प्रश्न न विचारता खोली देणाऱ्या घरगुती जागा हव्यात. मैत्रीण म्हणते सुरूच्या बनात तंबू टाकू, मला ते झेपेलसं वाटत नाही पण कोणी टाकला असेल तर सांगा.

दापोलीकर:
लिफ्ट मिळते, पण रस्त्यावर उभं राहून मागूच नका, फेरीबोटीतच ठरवा. बोट पलीकडे लागेपर्यंत सगळे गाडीतून उतरून कठड्याला उभे असतात, कोण फॅमिली घेऊन चाललंय, कोण दारू पिऊन आलंय सगळं दिसतं, बोलताही येतं. आजी आणि पोरंटोरं असलेली गाडी बघायची आणि आजीला विचारायचं, गाडी चालवणाऱ्याला नाही. आजी हो म्हणाली की तो नाही म्हणू शकत नाही. वेश्वी आणि धोपावे दोन्हीकडे हे चालतं. जेट्टीवरून गाड्या एकदा सुटल्या की मात्र पुढची बोट येईपर्यंत रस्ता रिकामा, मग बसा उन्हात. आणि वेश्वीला उतरलात की वेळास जवळ आहे, पण कासवांची पिल्लं बघायची असतील तर डिसेंबर फार लवकर होतो, फेब्रुवारी-मार्च उजाडावा लागतो. हर्णैला मात्र संध्याकाळी पोचा, बंदरावर मासळीचा लिलाव असतो.

गुहागरची काकू:
पोरींनो, लॉज शोधूच नका. गावात शिरलात की देवळाजवळ किंवा किराणा दुकानात विचारा, "घरगुती जेवण कोणाकडे मिळतं?" खोली विचारायच्या आधी जेवण विचारा. जिच्याकडे जेवण मिळतं तिच्याकडे मागच्या पडवीला एखादी खोली असतेच, आणि घरात बाईमाणूस असतं. रात्रीच्या ताटाचं दुपारीच सांगून ठेवायचं, आयत्या वेळी मासे कोण आणणार? पुळ्याला देवस्थानचं भक्तनिवास आहे, दुपारी देवळात प्रसादाची खिचडी मिळते, तुमच्या बजेटला बरं. पुळ्याच्या समुद्रात मात्र गुडघ्याच्या वर जायचं नाही, दरवर्षी माणसं जातात तिथे. पैशांचं म्हणाल तर कारवाल्याला विचारू नका, अपमान वाटतो, पण टेम्पोवाल्याला उतरताना चहापाण्याचे म्हणून काहीतरी द्या.

लाल_डबा:
तुमचं टाइमटेबल सकाळचं बघितलंत का? आडगावांत रात्री वस्तीची गाडी येते, ती तिथेच झोपते आणि पहाटे सहा-साडेसहाला तालुक्याला परत निघते. लिफ्टवाल्यांना हे माहीतच नसतं कारण ते नऊला उठतात. मुक्कामाला गेलात की पहिलं काम, वस्तीच्या गाडीचा ड्रायव्हर-कंडक्टर कुठे उतरलेत ते शोधा, त्यांच्याइतकी खरी माहिती कुठल्या ॲपवर नाही. आणि एसटीला स्टॉपच हवा असं नाही, हात करा, थांबते. अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपुरतं, गोव्यात त्यांच्या सरकारी कदंब बसला पूर्ण पैसे. गाळायचा तुकडा म्हणाल तर पावसच्या पुढचा गाळा, वाघोटनची खाडी आडवी येते, वळसे फार आहेत. रत्नागिरीहून कणकवली, तिथून देवगड नाहीतर मालवण, दिवस वाचेल.

देवबागचो:
तंबूचं सांगतो. पुनवेला चांदणं बघून मोह होतो आणि नेमकं त्याच रात्री बाराच्या सुमारास उधाणाचं पाणी सगळ्यात वर येतं, पर्यटकांच्या चपला तरंगताना मी बघितल्यात. हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा. तंबू टाकायचाच तर कोणाच्या तरी माडाच्या वाडीत, मालकाला विचारून टाका, विहिरीचं पाणी आणि संडास दोन्ही मिळतं. मालवणहून देवबागला या, खाडीपलीकडे भोगवे आहे, होडीवाला सोडतो, पण "टुरिस्ट" म्हणून भाव सांगेल, तुम्ही पलीकडे फक्त उतरायचंय म्हणा. पुढे परुळ्याहून वेंगुर्ल्याची गाडी बघायची. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे असून गोव्याचा, त्याची गंमत बघून घ्या, फेरीला पायी माणसाला पैसे नाहीत. ओहोटी फार असली की ती फेरी कधीकधी अडते, तेव्हा आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून जायचं. बिनधास्त येवा.

धागाकर्ती:
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. दापोलीकर, तुमची आजीवाली आयडिया मैत्रिणीला वाचून दाखवली, तिचं म्हणणं हे हिचहायकिंग नाही, हे लग्नाच्या वऱ्हाडात घुसणं आहे. पण मान्य केलंय. काकू, जेवण आधी खोली नंतर हे पाठ केलंय. तंबू रद्द, निदान पुनवेला तरी.

लाल_डबा, तुम्ही म्हणता तसं कणकवलीवरून गेलो तर वेळ वाचतो हे पटतंय, पण विजयदुर्ग सोडायला जीव होत नाहीये, दोघींनाही किल्ल्यासाठीच तिकडे जायचंय. मग असं केलं तर, कणकवलीहून आधी देवगडला मुक्काम, सकाळच्या गाडीने विजयदुर्ग आणि दुपारी परत देवगड? त्या दिवशी परतीची गाडी चुकली तर विजयदुर्गात घरगुती जेवणवालं कोणी आहे का? आणि देवगडहून कुणकेश्वरवरून आचऱ्यामार्गे मालवणला सरळ गाडी असते की तिथेही मध्ये लिफ्ट लागेल? तिथे फेरीबोट नाही, म्हणजे आजी शोधायची कुठे?