नाण्याच्या काळावरून रोमन दागिन्याचा काळ ठरतो का?

प्रश्न
सम्राट कॉन्स्टन्टाइनची दुहेरी सॉलिडस (सॉलिडस या रोमन सोन्याच्या नाण्याच्या दुप्पट वजनाची) नाणी जडवलेली, एकाच घडणीची चार सोन्याची पदके आज लंडन, पॅरिस, क्लीव्हलँड आणि वॉशिंग्टनच्या डंबर्टन ओक्स येथील संग्रहांत आहेत. त्यांतील नाणी सर्मियमच्या (आजच्या सर्बियातील) टांकसाळीत इ.स. ३२१ आणि ३२४ मध्ये पाडलेली आहेत. पदकेही त्याच वर्षांतली मानावीत का? आणि नाणी अशी दागिन्यात अडकवण्यामागे केवळ श्रीमंतीचे प्रदर्शन होते का?

पहिले उत्तर
दागिना त्यातील नाण्याच्या आधीचा नसतो, एवढेच नाण्यावरून निश्चित होते. ही चार पदके एकत्र घडवली असतील, तर ३२१ चे नाणे असलेले पदकही ३२४ च्या आधीचे ठरत नाही. दुसऱ्या शतकातील विधिज्ञ पॉम्पोनियस याने, लोक रत्नांप्रमाणे वापरतात अशा जुन्या सोन्या-चांदीच्या नाण्यांचा उपभोग मृत्युपत्राने देता येतो, असे नमूद केले आहे. म्हणजे जुनी नाणी जपून दागिन्यात वापरण्याची रीत त्या काळीही रूढ होती. म्हणून काळ ठरवताना नाण्याची झीज आणि त्याभोवतीची घडण यांना मी अधिक महत्त्व देतो. या पदकांत सोन्याचा पत्रा छिन्नीने कोरून केलेले जाळीकाम आणि त्यातून पुढे आलेले उठावाचे मुखवटे इतके उत्कृष्ट आहेत की नजर नाण्याआधी त्यांच्याकडे जाते.

दुसरे उत्तर
केवळ श्रीमंती म्हणणे अपुरे आहे. मोठी सुवर्णपदके, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी सोन्याची नाणी, सम्राट भेट म्हणून देत असे, त्यामुळे ती गळ्यात घालणे म्हणजे त्याच्याशी असलेला संबंध चारचौघांत मिरवणे होते. रुमानियातील शिमलेउ सिल्वानिएई येथे १७९७ मध्ये सापडलेला आणि आता व्हिएन्नात असलेला ठेवा अवश्य पाहावा. साम्राज्याच्या सीमेपलीकडील सरदारांनी त्यातील रोमन पदकांना कड्या आणि रुंद चौकटी बसवून घेतल्या होत्या. इतकेच नव्हे, तर त्यांतील काही पदके टांकसाळीतली नसून स्थानिक नकला आहेत.

तिसरे उत्तर
श्रद्धेचाही भाग होता. अलेक्झांडरची तांब्याची नाणी डोक्याला आणि पायांना बांधणाऱ्यांना धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टम याने चौथ्या शतकात खडसावले होते. भारतात सापडलेल्या अनेक रोमन सुवर्णनाण्यांना सम्राटाच्या मस्तकाच्या वर शेजारीशेजारी दोन छिद्रे आढळतात, म्हणजे ओवल्यावर चेहरा सरळच राहावा याची काळजी घेतली जाई. इथे घडवलेल्या त्यांच्या नकलांनाही तशीच छिद्रे दिसतात.