डंगरीचे आसन आणि कापड

दीड वर्षाच्या मुलासाठी घरी शिवलेली डंगरी (छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट) मूल उभे असताना नीट बसते, पण ते खाली बसले की आसनात, म्हणजे दोन्ही पायांमधल्या भागात, ओढते, अशी अडचण एका ताईंनी मांडली आहे. माझ्या मते, याचे कारण बहुधा कमरेच्या मापात नसून उभ्या मापात असते. पुढच्या खांद्यापासून, लंगोट किंवा डायपर बांधलेला असताना, दोन्ही पायांमधून मागच्या खांद्यापर्यंत टेप फिरवावी आणि त्यात किमान तीन इंच सैलपणा धरावा. पट्टे मुद्दाम लांब ठेवून दोन-तीन काजे केली, तर वाढत्या अंगाला तीच डंगरी बरेच महिने पुरते. पायांच्या आतल्या शिवणीवर टिचबटणे लावावीत, म्हणजे डायपर बदलताना सगळे उतरवावे लागत नाही.

आमच्याकडे परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे जाड डेनिमपेक्षा नांदेडची खादी किंवा धुऊन मऊ झालेले सुती कापड मला अधिक योग्य वाटते. मात्र नवे सुती कापड आटते, म्हणून ते रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावे. बटणे ओढून पाहावीत, कारण सुटलेले बटण मूल हमखास तोंडात घालते.