एकाच फिक्स कॅमेऱ्यावरून मीटरमधे अंतर काढता येतंय का?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, आमच्या गच्चीवर एक कॅमेरा कायमचा बसवलाय, त्यातनं सोलापूरचं होम मैदान बऱ्यापैकी दिसतंय. तिथं भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचं रेकॉर्डिंग आहे, त्यावरून मैदानाचा नकाशा काढायचाय, पाळणे कुठं, दुकानांच्या दोन रांगांमधे माणसांना चालायला जागा किती उरते असं. मिडास (एका फोटोवरून खोलीचा अंदाज काढणारं एआय मॉडेल) चालवलं तर जवळचं लांबचं रंगात छान येतंय पण मीटर कुठनं आणायचे? दुसरा कॅमेरा लावावाच लागतोय का ओ?

उत्तर १:
नाही लागत. मिडास फक्त सापेक्ष खोली देतंय, कोण कुणापेक्षा जवळ एवढंच, आणि तीसुद्धा उलटी, म्हणजे जवळच्याला मोठा आकडा, त्यात मीटर नसतातच. एका चित्रात लहान वस्तू जवळ असली काय आणि मोठी लांब असली काय सारखीच दिसते, म्हणून एक तरी खरं माप बाहेरून द्यायलाच पाहिजे. गच्चीवरनं टेप सोडा, कॅमेऱ्याची मैदानापासूनची उंची मोजा. मग क्षितिजरेषा काढा, दुकानांच्या समांतर रांगा पुढं वाढवल्या की ज्या बिंदूत मिळतात तो त्या रेषेवर असतो, दोन वेगळ्या दिशांच्या रांगा घेतल्या की रेषा पक्की. आता समजा कॅमेरा १२ मीटरवर, माणसाचे पाय क्षितिजाच्या २०० पिक्सेल खाली, माणूस २८ पिक्सेल उंच. क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्याच उंचीवर असते, म्हणजे ते २०० पिक्सेल म्हणजे १२ मीटर. १२ गुणिले २८ भागिले २०० म्हणजे १.६८ मीटर, उंची बरोबर बसली की रेषा बरोबर! कॅमेरा फार खाली झुकलेला नको एवढंच. अंतरासाठी फोकल लेंथ (लेन्स किती झूम करते त्याचं माप) पिक्सेलमधे लागते, ती १००० असेल तर १२ गुणिले १००० भागिले २००, म्हणजे हा माणूस ६० मीटरवर.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे पण लांबच्या आकड्यांवर विसंबू नका. त्याच हिशोबात ४० पिक्सेल खाली ३०० मीटर येतात आणि ४१ ला २९३, म्हणजे एक पिक्सेल चुकला की सात मीटर गेले. मैदान सपाट आहे म्हणून मी तर जमिनीवरचे चार बिंदू टेपनं मोजून होमोग्राफीच (चित्रातला बिंदू जमिनीवर कुठं येतो ते सांगणारं गणित) काढेन, कुठलेही तीन एका रेषेत नकोत, आणि लेन्समुळं सरळ रेषा वाकड्या दिसतात तो बाक आधी सॉफ्टवेअरनं काढून टाका.

उत्तर ३:
कॅमेरा हलत नाही याचा खरा फायदा कुणी सांगितलाच नाही. माणूस खांबामागं गेला की खांब जवळचा, पुढनं गेला की खांब लांबचा. गड्ड्यात एवढी माणसं फिरतात की संध्याकाळभरात सगळ्या वस्तूंचा पुढचा-मागचा क्रम आपोआप लागतो.

प्रश्नकर्ता:
भारीच! यात्रेत मिरवतात त्या नंदीध्वजाची, म्हणजे उंच काठीची, उंची पण अशीच निघेल ना?

उत्तर १:
काठी कमरेला पेललेली असते, जमिनीला टेकत नाही. धरणाऱ्याचे पाय जिथं आहेत तिथनं पिक्सेल मोजा, मग जमिनीपासून टोकापर्यंतची उंची येईल. काठी सरळ उभी असलेली फ्रेम घ्या फक्त.