आयतं ग्राफिक पाठवलं की बातमी लागते म्हणे!

शाईचे_बोट
काल एक पोस्ट फिरत होती. सारांश असा: प्रसिद्धी हवी तर प्रेसनोट लिहीत बसू नका; लोगो, घोषवाक्य, तारीख आणि पाहुण्यांचे सहा फोटो एका चौकटीत बसवून झकास ग्राफिक करा आणि सगळ्या पत्रकारांना ढकला, आयता माल कोण नाकारणार? खाली टाळ्यांचा नुसता पाऊस.

मी नाकारायचो. रोज. वर्तमानपत्राची पानं लावण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या चौकटीतला एकही फोटो सुटा करून वापरता येत नाही. नाव चुकलं असेल तर दुरुस्त करता येत नाही. शिवाय दिसते ती जाहिरातच, मग जाहिरात विभागवाले विचारतात, हे फुकट का छापलं?

आम्हाला लागतं फार थोडं. सुटे फोटो, मूळ आकारात, ३०० डीपीआयचे, म्हणजे छापताना इंचाला ३०० ठिपके. एक आडवा, एक उभा, कारण पानावर कोणती जागा उरेल ते रात्रीपर्यंत कोणालाच माहीत नसतं. कडेला मोकळी जागा असू द्या, म्हणजे कापताना कोणाचा कान जात नाही. फोटोओळीत डावीकडून कोण, कुठे, कधी, फोटो कोणी काढला. आणि माणसं काहीतरी करताना दिसू देत हो! फलकापुढे रांगेत उभी बारा माणसं त्या बारा घरांपलीकडे कोणी बघत नाही.

आलेख असेल तर चित्र नको, एक्सेलमध्ये आकडे द्या. आमचा ग्राफिकवाला तो आमच्या टाइपात नव्याने काढतो. एका संस्थेने ९२ वरून ९४ वर गेलेला आकडा पाठवला होता, उभा अक्ष ९० पासून सुरू करून. दुसरा खांब पहिल्याच्या बरोब्बर दुप्पट! त्यानंतर त्यांच्या साध्या आकड्यांवरही माझा विश्वास बसेना.

फुकटफौजदार
ती पोस्ट माझी नाही, पण टाळ्यांत मी होतो. अहो, तुमच्या पद्धतीने सगळं करून झालंय. सुटे फोटो, फोटोओळ, फोन करून विनंती. काही छापून आलं नाही. मग पुतण्याने मोबाइलवर ग्राफिक बनवलं, ते दोन न्यूज पोर्टलनी जसंच्या तसं लावलं आणि त्या आठवड्यात आमच्याकडे नवे स्वयंसेवक आले. तुमचं पान सांभाळा तुम्ही. आम्हाला लोकांपर्यंत पोचायचंय.

तिरपी_नजर
३०० डीपीआय हा मंत्र कधी सुटणार? ६०० पिक्सेल रुंदीच्या फोटोवर ३०० चा शिक्का मारला तर तो दोन इंच छापला जाईल, बास. पिक्सेल मोजा. सहा इंचांना १८०० पिक्सेल लागतात, आणि तेही मासिकाच्या गुळगुळीत कागदाला. वर्तमानपत्राच्या कागदावर फोटो ठिपक्यांच्या जाळीतून छापतात, ती इंचाला साधारण ८५ ते १०० रेषांची असते, तिथे २०० पुरे. खरा घात व्हॉट्सअ‍ॅप करतं. फोटो म्हणून पाठवलात की आकसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शाईचे_बोट
२०० पुरतात, मान्य. पण ३०० मागितले तेव्हा कुठे १५० यायचे, हे डेस्कवर बसल्याशिवाय कळत नाही.

कॅमेराबाई
'फोटो कोणी काढला' हे तीन शब्द घाईघाईत उरकलेत, त्याबद्दल बोलू? मी एका संस्थेसाठी दिवसभर उन्हात उभी राहून फोटो काढले. त्यांनी ते सगळीकडे पाठवले, छापूनही आले. खाली काय? 'सौजन्य: संस्था'. फाइलमध्ये माझं नाव भरलेलं होतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल फिरली की ती माहितीही उडते. विचारलं तर म्हणे, प्रसिद्धी तुमचीही झालीच की!

फुकटफौजदार
नाव छापल्याने पोट भरतं का?

कॅमेराबाई
नाही. म्हणून पैसेही मागते. तुमच्यासारखे लोक फुकटचे फोटो वाटतात आणि वर्तमानपत्रांना वाटतं, फोटोग्राफर हवेत कशाला? 'शिकागो सन-टाइम्स'ने २०१३ मध्ये अख्खा फोटो विभाग काढून टाकला. २८ जण घरी! आणि बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायला शिकवलं.

फुकटफौजदार
शिकागोत माणसं गेली ती माझ्या पुतण्यामुळे का? काहीही!

तिरपी_नजर
बाईंचा मुद्दा तितका पोरकट नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ३८ माध्यमसंस्थांनी व्हाइट हाउसला पत्र लिहिलं होतं, की आमच्या फोटोग्राफरांना बाहेर ठेवता आणि नंतर तुमच्याच माणसाने काढलेले फोटो वाटता. गंमत अशी की वाटलेले फोटो छापत कोण होतं? हेच.

शाईचे_बोट
कारण रात्री पान रिकामं सोडता येत नाही! पण वाटलेला फोटो तपासावा लागतो. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या केंसिंग्टन पॅलेसने युवराज्ञी केटचा मुलांसोबतचा फोटो दिला, मुलीच्या बाहीपाशी काठ जुळेना, आणि एपी, रॉयटर्स, एएफपी, गेटी, सगळ्या बातम्या-फोटो पुरवणाऱ्या संस्थांनी तो मागे घेतला. राजवाड्याचं हे, तर बाकीच्यांचं काय?

फुकटफौजदार
म्हणजे मागच्या भिंतीवरची लोंबती वायर पुसली तर आम्ही गुन्हेगार?

शाईचे_बोट
हो. उजेड वाढवा, कडा कापा. पुसायचं नाही, जोडायचं नाही. बीपी या तेल कंपनीनेही २०१० मध्ये तेलगळतीच्या वेळी नियंत्रण कक्षाच्या फोटोत रिकाम्या पडद्यांवर चित्रं चिकटवली होती. पकडले गेले आणि प्रसिद्धी मिळाली ती त्या चिकटवाचिकटवीला.

फुकटफौजदार
बीपी कुठे, आमची वायर कुठे! तुम्हा लोकांना ना, छोट्या माणसाला हिणवायची सवयच लागली आहे.

तिरपी_नजर
हिणवत कोणी नाहीये. पोर्टलला ग्राफिक चालतं हे तुमचं खरं, त्यांच्याकडे लावायला माणूसच नसतो. पण ग्राफिकसोबत त्यातलेच फोटो सुटे पाठवायला काय जातं? एक लिंक द्या, त्यात सगळं ठेवा. लोगोही एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये, म्हणजे मोठा केला तरी धूसर होत नाही; स्क्रीनशॉट नको.

फुकटफौजदार
बरं महाराज. पुढच्या कार्यक्रमाचे फोटो लिंकवर, आडवे-उभे, डावीकडून नावं, वायरसकट. तरी छापलं नाही तर याच धाग्यावर येऊन विचारीन. आणि ग्राफिकही पाठवणार, ते सोडणार नाही.

कॅमेराबाई
फोटो काढणार कोण?

फुकटफौजदार
पुतण्या. फुकट.

कॅमेराबाई
मग फोटोओळीत त्या पोराचं नाव तरी घाला.