प्रतिसाद: दुपंखी मॉडेलला मोटर केवढी?

रिमोटवर उडणाऱ्या दोन किलोच्या दुपंखी (बायप्लेन) विमानाच्या मॉडेलला ३०० वॅटची मोटर पुरेल का, असं वर विचारलंय. एकपंखी ट्रेनर (शिकाऊंचं विमान) असता तर उडाला असता कसाबसा. पण इथे दोन पंख, मधले खांब, ताणतारा, सगळंच हवेला अडतं. मी किलोमागे २५० वॅट धरतो, म्हणजे ५०० वॅट. चार सेलच्या लिपो बॅटरीवर (लिथियम पॉलिमर, १४.८ व्होल्ट) साधारण ३४ अँपिअर, तेव्हा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ५० अँपिअरचा घ्या. कमी केव्हीची (व्होल्टमागे कमी फेरे घेणारी) मोटर, मोठा पण कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा) पंखा, म्हणजे प्रोपेलर.

नाक आखूड असतं, म्हणून बॅटरी फायरवॉलला (मोटर जिच्यावर बसते त्या नाकातल्या आडव्या फळीला) चिकटवूनच बसवा, नाहीतर तोल साधायला नाकात शिसं भरत बसाल (मी भरलंय!). आणि उतरताना थ्रॉटल एकदम बंद करू नका, धोंड्यासारखं खाली येतं.