माँटी अलेक्झांडर: काला की दोन ताटं?

ऑफबीट:
खर्जवाले काल लिहून गेले की जमैकाचा जॅझ पियानिस्ट माँटी अलेक्झांडर आधी स्विंग (जॅझचा झुलता ठेका) वाजवतो, मग जमैकाचा रेगे, आणि दोन ताटं शेजारी मांडली म्हणून काला होत नाही. वाक्य झकास आहे, पण चूक आहे. मिनिटाला १४० मात्रांची लय धरा. स्विंगमध्ये पायाखालची हाय-हॅट (ड्रमवाल्याच्या झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते. रेगेच्या गिटारचा स्कँक, म्हणजे तुटक कॉर्डचा ठोका, नेमका त्याच दोन मात्रांवर येतो. सांधा तिथे आहे. मग बासने चारही मात्रा चालणं सोडायचं आणि किकने (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमने) पहिली सोडून तिसरीवर पडायचं, झालं. त्याच्या हार्लेम-किंगस्टन एक्सप्रेस या बँडमध्ये म्हणूनच स्टेजवर दोन रिदम सेक्शन (ठेका धरणारे ताफे) असतात: एकीकडे डबल बास, दुसरीकडे इलेक्ट्रिक बास आणि गिटार.

खर्जवाला:
तिसरीवर? वन ड्रॉप, म्हणजे रेगेचा हाच किकचा ठेका, दुसरी-चौथीवर पडतो. लय ७० ची असते, स्कँक दोन मात्रांच्या मधे. मूळ मोजणीच उलटी, आणि आम्हाला सांधे दाखवताय!

मधलाषड्ज:
अहो, ७० ने मोजा नाहीतर दुगुनीत १४० ने, किक त्याच क्षणी पडणार. मुद्दा एवढाच की सम, म्हणजे पहिली मात्रा, रिकामी.

खर्जवाला:
सम-खाली हे तबल्याचे शब्द इथे कशाला? खालीला तबला गप्प नसतो.

मधलाषड्ज:
तबला नसतो, डग्गा असतो. किनार वाजते, खर्ज बंद. आणि रूपक तालात तर समेवरच खाली असते. आणखी काय हवं?

खर्जवाला:
रूपक सात मात्रांचा आहे, रेगे चारचा, एवढं लक्षात असू द्या.

पॅनवाला:
तुमचं ताल-पुराण चालू द्या. कॅरिबियन म्हटलं की सगळ्यांना फक्त जमैका दिसतो, त्रिनिदाद कुणाच्या गावीही नाही. याच अलेक्झांडरने १९८० मध्ये 'आयव्हरी अँड स्टील' हा अल्बम केला, ओथेलो मॉलिनोचा स्टीलपॅन, म्हणजे त्रिनिदादचं पोलादी पिंपाचं सुरेल वाद्य, घेऊन. ते रेगेपेक्षा अवघड. पियानो आणि पॅन दोन्हींचा आघात टोकदार, पट्टाही बराचसा एकच. दोघांनी मधल्या सप्तकात एकदम सूर भरले की नुसता खणखणाट. एकाने वर जायचं, नाहीतर गप्प बसायचं.

ऑफबीट:
पॅनचं मान्य. पण रेगे सोपं म्हणू नका. जॅझ पियानिस्ट हमखास तीन ठिकाणी फसतो. सूर लांबवणारं पेडल दाबून ठेवतो, मग स्कँकची शेपटी पुढच्या मात्रेवर लोळते. कॉर्ड वाजताक्षणी तोडायला हवी. डावा हात खाली नेतो आणि बासच्या जागेत घुसतो. मधल्या सा च्या आसपास राहावं. तिसरं, सवयीने स्विंगचे आडवेतिडवे ठोके मारतो, त्यात गिटार बुडते. बबल (रेगेतला कीबोर्डचा दोन हातांचा ठेका) वाजवायचा तर १४० च्या मोजणीत उजवा हात दुसरी-चौथीवर, डावा त्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या अर्ध्या मात्रेवर.

खर्जवाला:
बरं, दुसरी-चौथीचा सांधा दिला तुम्हाला. खूश? पण एवढं एकजीव असेल तर 'हार्लेम-किंगस्टन एक्सप्रेस: लाइव्ह!' या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन रेगे विभागात का?

मधलाषड्ज:
कप्पे ग्रॅमीवाले पाडतात, पियानो नाही. १९६४ च्या स्कॅटलाइट्स या जमैकाच्या स्का बँडमधले ड्रमंड, मॅकुक, अल्फोन्सो सगळे जॅझमध्ये मुरलेले. स्कामध्ये, म्हणजे रेगेच्या पूर्वजात, जॅझ पहिल्यापासूनच होता.

खर्जवाला:
ते स्का. मी रेगेबद्दल बोलतोय. आणि रूपकाचं उत्तर अजून आलेलं नाही.