पूर्वजांची वाट : दख्खन ते इंदूर

प्रश्न : पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर इंदूरला आले. त्या वाटेनं जायचंय. सुरुवात कुठून करावी?

– आधी कागद, मग गाडी. गोत्र, मूळ गाव घेऊन त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळी (घराण्यांच्या वंशनोंदींच्या वह्या) बघा. आडनावं बदलतात, म्हणून गावावरूनच विचारा. पेशवे दप्तर, म्हणजे पेशवाईतले सरकारी कागद, पुण्यात, तेही मोडी लिपीत.

– तारखेत हमखास घोळ होतो! ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली, अरबी अंकशब्दांत लिहिलेली कालगणना) ११७०. हे वर्ष मृगाला सुरू होतं. इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा (१७६९), जानेवारीपासूनच्याला ६००.

– वाट अशी : चांदवडचा रंगमहाल, धुळे, सेंधवा, महेश्वर, मग जाम घाट चढून महू. पावसाळ्यात नको, फौजाही दसऱ्यानंतर, नद्यांना उतार पडल्यावरच निघत.